आबांचा टेम्पो आणि माझं आमरण उपोषण

माझ्या आयुष्यातलं पहिलं आमरण उपोषण मी माझ्या सख्ख्या वडिलांच्या टेम्पोविरुद्ध केलं आणि ते सव्वातीन तास चाललं.

आधी माझ्याबद्दल सांगते. माझं नाव क्रांती. मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मला 'क्रांते' म्हणतात, त्यामुळं नावातला निम्मा विस्तव हाक मारतानाच विझतो. माझे वडील म्हणजे आबा. ते भाजीचा टेम्पो चालवायचे आणि उरलेल्या वेळात चळवळ करायचे. (आई म्हणते, नेमकं उलटं.) कुठंही मोर्चा निघाला की माणसं, झेंडे, सतरंज्या, लाऊडस्पीकर आणि पत्रकांचे गठ्ठे आबांच्या टेम्पोत. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं भरपूर. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, माझी गणितं पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, माझी शाळेतली चपाती पत्रकात गुंडाळलेली. मी वाचलेला पहिला शब्द 'जाहीर' आणि दुसरा 'निषेध'! बालवाडीत खाऊ कमी मिळाला तेव्हा मी रडले नाही म्हणे. बाईंसमोर मूठ वर करून उभी राहिले.

अशा मुलीनं पुढं काय करायचं? कॉलेजच्या पहिल्याच वर्षी मी स्वतःचं पत्रक लिहिलं. गल्लीच्या कोपऱ्यावर डेअरी चालवणाऱ्या माझ्या सख्ख्या मामाच्या दुधात पाणी असतं, या विषयावर. मथळा होता, 'दुधात पाणी, डोळ्यांत धूळ!' नातं बघायचं नाही, सत्य बघायचं, हे मला आबांनीच शिकवलं होतं. आबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, आणि म्हणाले, "झ्याक लिवलंयस. तू फकस्त लिवायचं. वाटायचं काम माझ्याकडं."

पाचशे प्रती छापून आल्या. आबा गठ्ठा घेऊन बाहेर पडले आणि संध्याकाळी कपाळाचा घाम पुसत परत आले.

"वाटली?"

"हातोहात गेली की!"

त्या दिवाळीला मामा नेहमीसारखा पेढ्यांचा पुडा घेऊन आला, माझ्या डोक्यावर हात ठेवून हसला, आणि मला समजलं, लेखणीत माणूस बदलायची ताकद असते. (दुधात पाणी तेवढंच होतं. पण परिवर्तनाला वेळ लागतो.)

मग मी थांबलेच नाही. गल्लीतले पुढारी नाना दर महिन्याला स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स लावतात, त्यावर पत्रक. बाळूदादा रिक्षाच्या मीटरवर टॉवेल टाकून फिरतो, त्यावर पत्रक. सहा-सात वर्षांत नऊ पत्रकं झाली. प्रत्येक वेळी मी लिहिलं, आबांनी वाटलं. आणि कुणीही, अगदी कुणीही, माझ्याशी भांडायला आलं नाही. मला वाटायचं, धाक बसलाय.

दहावं पत्रक शेवंताआजींमुळं झालं.

शेवंताआजी आमच्या शेजारी एकट्याच राहतात. पावसाळ्यात त्यांची छाती दुखायला लागली, अँब्युलन्स बोलावली, तर ती गल्लीत येईना. रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं बंद पडलेल्या गाड्या! शेवटी चौघांनी आजींना खुर्चीत बसवून, वर छत्री धरून, मोठ्या रस्त्यापर्यंत उचलून नेलं. मी त्या वेळी गल्लीत नव्हते. (आरोग्याच्या हक्कासाठी धरण्याला बसले होते.) परत आल्यावर हे ऐकलं आणि माझं डोकं पेटलं. नानांची टायर नसलेली जीप आणि बाळूदादाची जुनी रिक्षा माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागली.

एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'गल्ली मोकळी करा! रस्ता माणसांचा, सांगाड्यांचा नव्हे! तीन महिन्यांहून अधिक काळ पडून असलेलं प्रत्येक वाहन, मग ते कुणाच्याही मालकीचं असो, आठ दिवसांत सरकारमान्य भंगार केंद्रात जमा झालंच पाहिजे. चोरून तोडणाऱ्याकडं नव्हे, रस्त्यावर तेल सांडून नव्हे, कायद्यानं! अन्यथा शिल्लक राहिलेल्या पहिल्या वाहनासमोर मी आमरण उपोषणास बसेन.' खाली माझी सही.

आधी शेवंताआजींना वाचून दाखवलं. आजी म्हणाल्या, "उपाशी बसणार? वाळून चाललीयस अगुदरच!" मग गठ्ठा आबांच्या हाती दिला. आबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"क्रांते, 'कुणाच्याही मालकीचं' हे काढूया का?"

"का?"

"न्हाय, जरा जड वाटतंय वाचायला."

"तत्त्व जडच असतं आबा!"

आबा गठ्ठा काखेत मारून गेले आणि संध्याकाळी घाम पुसत आले. हातोहात गेली म्हणाले.

आणि मग चमत्कार झाला! तिसऱ्या दिवशी नानांची जीप गेली. जाताना नाना माझ्याकडं न बघता, मान खाली घालून गेले. चौथ्या दिवशी बाळूदादाची रिक्षा गेली. पाचव्या दिवशी कुणाचीतरी गंजलेली हातगाडी गेली. ती तर माझ्या ध्यानातही नव्हती! मी दारात उभी राहून बघत होते. अंगावर काटा आला. पाचशे कागद, आणि गल्ली हलली! मी तिथंच दारात मोठ्यानं म्हणाले, "एकही वाहन उरलं नाही!"

समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या शेवंताआजी म्हणाल्या, "एक हाय की."

"कुठं?"

आजींनी हनुवटी पुढं केली. मी वळून बघितलं. मागं आमचं घर होतं. घराला टेकून आबांचा टेम्पो होता.

इथं वाचक म्हणतील, बाई गं, टेम्पो काय दिसत नव्हता? शपथेवर सांगते, दिसत नव्हता! म्हणजे डोळ्यांना दिसत होता, पण वाहन म्हणून नाही. बिद्रीच्या रस्त्यावर त्याचं इंजिन बसलं, ट्रॅक्टरला बांधून तो घरी आला, त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून तो आमच्या घराची तिसरी खोली होता. त्याच्या टपावर आई कुरडया वाळवायची. पुढच्या केबिनमध्ये बसून मी परीक्षेचा अभ्यास केला. स्टिअरिंगवर वही ठेवायला फार सोयीचं पडतं. मागच्या दाराला मात्र कुलूप आणि किल्ली आबांच्या करगोट्याला. आत काय आहे विचारलं की आबा म्हणायचे, "झेंडे, सतरंज्या, लाऊडस्पीकर. चळवळीचं सामान हाय, हात लावायचा न्हाय." 'गल्ली मोकळी करा!' हे अख्खं पत्रक मी त्याच केबिनमध्ये बसून लिहिलं होतं!

"पण आजी," मी घसा साफ करून म्हणाले, "अँब्युलन्स अडली ती नानांच्या जीपपाशी ना?"

"जीप पार तिकडं टोकाला. जीपला वळसा घालून आलती की गाडी. हितं येऊन अडकली." आजींनी पुन्हा हनुवटी पुढं केली. "तुमच्या टेम्पोपाशी. मी खुर्चीत बसलेली, माझ्या नाकाला टेम्पोचा आरसा घासून गेला. ह्यो बघ वण."

मी बघितला. वण होता.

आयुष्यभर आम्ही त्या टेम्पोला धक्के मारले. आता तो मला द्यायला लागला होता.

तीन दिवस उरले होते. मी आत जाऊन आबांना सरळ सांगितलं, "टेम्पो भंगारात द्यायचा."

"चालू गाडी भंगारात?"

"चालू?"

"चालूच हाय. फकस्त इंजिन न्हाय."

"आबा, शेवंताआजींना खुर्चीतून न्यावं लागलं! पुन्हा दुखायला लागलं तर?"

आबांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "देऊ की. जरा चांगला दिवस बघून."

"तुम्ही मुहूर्त मानत नाही!"

"टेम्पोपुरता मानतो."

मी उडालेच. ज्या माणसानं स्वतःचं लग्न ऐन अमावस्येला, मुद्दाम, लोकांना दाखवायला केलं, तो माणूस टेम्पोसाठी मुहूर्त बघत होता!

आई भाकरी थापत ऐकत होती. ती म्हणाली, "येवढं कशाला? कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला हाक मार. गॅस कटर घिऊन येतोय, दोन तासांत तुकडं करून नेतोय."

"ते बेकायदेशीर आहे! पत्रकात 'सरकारमान्य केंद्र' असं स्पष्ट लिहिलंय."

"लिवलंय कुणी?"

"मी."

"मग खोडतंय कोण?"

मी तत्त्वाला चिकटून राहिले आणि केंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. गाडी कुठली, किती जुनी, चाकं किती, असं विचारत गेला. मी केबिनमध्ये बसून, आरशामागं खोचलेलं आरसी बुक काढून, एकेक उत्तर देत होते.

"मालकाचं नाव?"

मी आबांचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि पुस्तकातलं नाव वाचलं. दत्तोबा. राहणार नेसरी. तालुका गडहिंग्लज.

"हॅलो? मॅडम? मालकाची सही आणि आधार लागणार बघा. त्याशिवाय गाडी घेता येत न्हाय."

मी फोन ठेवला आणि पुस्तक घेऊन आबांसमोर उभी राहिले.

"हा दत्तोबा कोण?"

"नेसरीचं पावणं. चांगला माणूस. त्यांच्याकडनंच घेतला की टेम्पो."

"मग नावावर का नाही केला?"

"मालकी बदलायच्या फॉर्मवर सही घेतलीती. पुढं द्यायचा राहिला."

"किती वर्षं?"

"तू बालवाडीत हुतीस."

'कागदपत्रांविना धावणारं वाहन म्हणजे चालताबोलता गुन्हा!' हे माझं सहावं पत्रक होतं. ते आबांनी स्वतःच्या हातानं पेठभर वाटलं होतं! आणि हा चालताबोलता गुन्हा माझ्या दारात, त्याच्या टपावर माझ्या आईच्या कुरडया!

पण रात्रभर तळमळल्यावर सकाळी डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कायद्यानं टेम्पो आबांचा नाहीच. म्हणजे आबांच्या परवानगीची गरजच नाही! मी पहिली एसटी पकडून गडहिंग्लज, तिथून नेसरी गाठलं.

दत्तोबा सत्तरीचे, गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते. मी ओळख सांगितली. त्यांनी बादली खाली ठेवली.

"त्यो टेम्पो? अजून जित्ता हाय?"

"तसा नाही. पण तुमच्या नावावर आहे."

"ते मला म्हायती न्हाय व्हय?" दत्तोबा ओरडले आणि घरात जाऊन एक पिशवी घेऊन आले. पिशवीत कागदच कागद! "ह्या बघ नोटिसा. रस्ता अडवला, नोटीस मला. कलेक्टर हापिसापुढं भोंगा लावला, नोटीस मला. जमावबंदी मोडली, नोटीस मला! मी उभ्या आयुष्यात मोर्चा बघितला न्हाय पोरी, पण सरकारदरबारी आख्ख्या नेसरीत माझ्यायेवढा मोठा आंदोलक न्हाय! बायको इचारत हुती, बाजाराला म्हणून जाता आणि कोल्हापुरात काय करता?"

"मग तुम्ही कधी तक्रार नाही केली?"

"एकदा आलतो की भांडायला. तुज्या बानं जेवायला घातलं, झेंडा हातात दिला आणि मोर्च्यात मधोमध उभा केला. पुन्हा आलो न्हाय." मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. "कुठं सही करू ते सांग!"

केंद्राची क्रेन आठव्या दिवशी दुपारी बाराला येणार असं ठरलं. पण आठवा दिवस सकाळीच सुरू होतो. (हे मला पत्रक लिहिताना सुचलं नव्हतं.) नऊ वाजता गल्लीतली माणसं कट्ट्यांवर येऊन बसली. नाना आले, बाळूदादा आला, डेअरी बंद करून मामा आला. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न. बाळूदादानं तो विचारलाही.

"क्रांते, आमच्या गाड्या गेल्या. आता तुझ्या बाच्या टेम्पोफुडं बसणार का न्हाई? का तत्त्व फकस्त रिक्षाला?"

मी घरातून सतरंजी आणली, टेम्पोसमोर अंथरली आणि बसले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला फार गोड लागल्या. त्यात कौतुक कमी आणि करमणूक जास्त होती हे नंतर कळलं.

आबा बाहेर आले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा जमलेल्या माणसांकडं बघितलं, आणि टेम्पोच्या केबिनमध्ये जाऊन बसले. दार आतून लावून घेतलं.

"आबा, हे काय?"

"मी बी बसलो उपोषणाला. टेम्पो वाचवायला."

गल्ली खूश! बाप काचेच्या आत, लेक काचेच्या बाहेर, दोघंही उपाशी. आई उंबऱ्यात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सैपाक करू का नको, येवढं सांगा."

"नको!" मी म्हणाले.

"नको!" आतून आबा म्हणाले.

"आमरणाला शाबूची खिचडी चालती का?"

आबांनी काच दोन बोटं खाली केली आणि विचारलं, "दाणं घालणार हाईस का?"

दहा वाजले. अकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. शेवंताआजी कट्ट्यावरून मला पदरानं वारा घालत होत्या आणि गर्दीवर ओरडत होत्या, "बघताय काय? पोरगी माझ्यासाठनं बसलीया!" तेवढं ऐकलं की माझी पाठ पुन्हा ताठ व्हायची. आबांकडं बघायचं मी टाळत होते. पण एकदा नजर गेलीच. आबा स्टिअरिंगला धरून समोर बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. लाठीमारात न घाबरलेला माझा बाप एका मोडक्या टेम्पोसाठी घाबरलेला! मला वाटलं, केवढा जीव आहे यांचा या पत्र्यावर. डोळ्यांत पाणी आलं. तरीही मी उठले नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

सव्वाबाराला क्रेन आली. क्रेनच्या पुढच्या सीटवर फेटा बांधून दत्तोबा!

"उतरा खाली," दत्तोबा आबांना म्हणाले. "माझी गाडी हाय."

आबांनी काच खाली केली. "पावणं, तुमी?"

"व्हय. मालक. आज पयल्यांदा मालक म्हणून आलोय, उतरा!"

आबा मुकाट्यानं उतरले. केंद्राच्या माणसानं कागद तपासले आणि विचारलं, "मागं काय हाय? गाडी रिकामी पाहिजे."

"काय न्हाय," आबा पटकन म्हणाले. "सतरंज्या. उद्या रिकामा करून देतो की. आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या."

"किल्ली द्या."

"हरवली."

आबा खोटं बोलत होते! करगोट्याला लटकलेली किल्ली शर्टाखालून सगळ्या गल्लीला दिसत होती. मी उभी राहिले आणि माझ्या आयुष्यातला सर्वात तत्त्वनिष्ठ आदेश दिला. "उचला! आहे तसा उचला!"

"क्रांते, नको," आबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. "बापाचं ऐक. टेम्पो हलवू नको."

"उचला!"

क्रेननं टेम्पोचं तोंड वर उचललं. टेम्पो मागं कलला. आतून काहीतरी सरसर घसरत मागच्या दारावर आदळल्याचा आवाज आला. सात वर्षं गंजलेली कडी एक क्षण टिकली, मग कुलपासकट तुटली, दोन्ही दारं फाडकन उघडली आणि रस्त्यावर कागदांचा लोंढा आला. गुलाबी, पिवळे, हिरवे! गठ्ठेच्या गठ्ठे, सुतळीनं बांधलेले, काही आपटून सुटलेले, वाऱ्यावर कट्ट्याकट्ट्यांवर निघालेले!

मला वाटलं, आबांच्या जुन्या मोर्च्यांची पत्रकं असणार. मी भारावून एक उचललं.

'दुधात पाणी, डोळ्यांत धूळ!'

दुसरं उचललं. 'टॉवेलाखाली मीटर, मीटराखाली लूट!'

तिसरं, चौथं, सहावं. सगळी माझी. नऊच्या नऊ. गठ्ठ्यांची सुतळीसुद्धा सोडलेली नव्हती. आणि सगळ्यांत वर, अजून शाईचा वास येणारा, आठ दिवसांपूर्वीचा गठ्ठा. 'गल्ली मोकळी करा!'

"आबा, तुम्ही वाटलंच नाही?"

आबा जमिनीकडं बघत होते.

"एकही?"

"कसं वाटू?" आबा म्हणाले. "मामाचं वाटलं असतं तर त्यानं तुझ्या आईचं तोंड बघितलं नसतं. नानांचं वाटलं असतं तर नळाला पाणी आलं नसतं. एक अक्षर खोटं न्हवतं त्यात, क्रांते. तीच तर अडचण हुती."

"मग फेकून द्यायचं! रद्दीत घालायचं!"

"लेकीचं लिवलेलं रद्दीत घालू व्हय?"

एवढ्यात डोक्यात दुसराच प्रश्न घुसला आणि मी गर्रकन नानांकडं वळले. "मग तुम्ही जीप कशी हलवली? पत्रक तर तुम्हाला मिळालंच नाही!"

"पत्रक कसलं?" नाना म्हणाले. "ही म्हातारी दारात येऊन तासभर शिव्या घालत हुती. पोरगी उपाशी मरंल, मुडद्या, जीप काढ म्हणत हुती. तीन दिवस आली. चौथ्या दिवशी येणार म्हणाली, मग काढली."

मी शेवंताआजींकडं बघितलं. आजी लाजल्या. "तू वाचून दावलंस न्हवं मला? तेच मी जरा सोप्या भाषेत सांगितलं."

म्हणजे सात वर्षं माझ्या लेखणीला घाबरलेली ही गल्ली माझ्या लेखणीला कधी भेटलीच नव्हती! हा धक्का पचवायलाही मला सवड मिळाली नाही. कारण गल्ली आता वाचायला लागली होती.

"'फोटो फ्लेक्सवर आणि कर्तृत्व गटारात,'" नाना बोट फिरवत मोठ्यानं वाचत होते. "ह्यो कोण?" पुढच्या ओळीवर बोट थांबलं. "ह्यो मी हाय?"

"'समाजद्रोही गवळी,'" मामा वाचत होता. "'नात्यानं मामा, वृत्तीनं पाणचक्की.' ताई! ए ताई! बाहेर ये! तुझी लेक काय लिवतीया बघ!"

"मला 'चाकावरचा दरोडेखोर' म्हटलंय," बाळूदादा म्हणाला. त्याला ते आवडलं की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही.

सात वर्षांची पत्रकं एका दुपारी, एकदम, सगळ्यांना, ज्याची त्याच्या हातात पोचली होती. मी आणि आबा गुडघ्यांवर बसून कागद गोळा करत होतो. आम्ही एक उचलेपर्यंत लोक दहा वाचत होते. चौफेर आरडाओरडा. फक्त दत्तोबा कट्ट्यावर मांडी घालून, चष्मा लावून, मन लावून वाचत होते. मधेच मान वर करून म्हणाले, "पोरी, लिवतीस बाकी जाळ! ही समदी नेऊ का नेसरीला? तिकडं कुणी वळकत न्हाय ह्यास्नी."

त्या गोंधळात आईनं माझ्या हातात वाटी दिली. मी खाल्लं. शेवटचा दाणा चावल्यावर लक्षात आलं की ती शाबूची खिचडी होती, सव्वाबारा वाजून गेले होते आणि माझं आमरण उपोषण संपलं होतं. शेजारी आबांच्या हातातही वाटी होती. त्यांची माझ्या आधी संपली होती.

टेम्पो गेला. क्रेनमागून वळणावर दिसेनासा होईपर्यंत आबा उभे होते. मग म्हणाले, "म्हणून म्हणत हुतो, हलवू नको."

पुढं महिन्याभरानं शेवंताआजींची छाती पुन्हा दुखली. या वेळी अँब्युलन्स थेट त्यांच्या उंबऱ्याला लागली. आजी बऱ्या होऊन परत आल्या तेव्हा चालकाला म्हणाल्या, गल्लीत एक फेरी मार, समद्यांनी बघू दे. तेवढ्यासाठी मला सगळं पुन्हा करावं लागलं तरी मी करीन.

सगळं म्हणजे पत्रकं सोडून. त्या दिवसानंतर मामा घरी येईना, नाना नळाचा विषय काढला की आकाशाकडं बघत, आणि बाळूदादा मला बघून मुद्दाम मीटरवर दोन टॉवेल टाकायचा. शेवटी आईनं फर्मान काढलं आणि मी अकरावं पत्रक लिहिलं. 'जाहीर माफीनामा.' त्यात तत्त्व सोडलं नाही, फक्त नावं काढली आणि प्रत्येक परिच्छेदात माझी एकेक चूक कबूल केली. पाचशे प्रती छापल्या. आबांनी चष्मा लावून वाचलं, एकदाच वाचलं, आणि गठ्ठा काखेत मारून निघाले. मी या वेळी मागोमाग गेले, लपून.

आबांनी खरंच वाटलं! अर्ध्या तासात पाचशेच्या पाचशे प्रती संपल्या. नानांनी दोन घेतल्या. मामानं डेअरीच्या दारावर चिकटवलं. गल्लीनं माझं लिखाण इतक्या आवडीनं वाचल्याचं मी प्रथमच बघितलं. काल शेवंताआजी सांगत होत्या, लोक दुसरी आवृत्ती मागायला लागलेत. त्यात आणखी चार-दोन चुका कबूल कर म्हणतात.